मेळा मोडतो, मेळा जुळतो

फुटण्यासाठी आपल्या भाषेत शब्दांचा तोटा नाही. फाटाफूट, भाऊबंदकी, वाटणी, बेबनाव, काडीमोड, वेगळी चूल, वेगळे बिऱ्हाड. एकेक शब्द उच्चारावा आणि त्यामागे एकेका घराचा इतिहास उभा राहावा. उलटपक्षी फुटलेली माणसे पुन्हा एकत्र आली, तर त्या क्रियेला आपण काय म्हणतो? ‘समेट’ म्हणावे तर त्याला कचेरीचा वास येतो. ‘मनोमीलन’ म्हणावे तर तो शब्द वर्तमानपत्रांनी राजकीय पुढाऱ्यांच्या पायी झिजवून टाकला आहे. संस्कृतात ‘पुनर्मीलन’ आहे खरा, पण तो नाटकाच्या शेवटच्या अंकापुरता. रोजच्या बोलण्यात तो कोणी आणीत नाही. ज्या क्रियेला लोकभाषेत सुटसुटीत नाव नाही, ती क्रिया लोकव्यवहारातही विरळच असली पाहिजे, असे अनुमान मी काढले तर वैयाकरण मला दोष देणार नाहीत.

या विरळ क्रियेचे एक उदाहरण मला अलीकडे सापडले. ते फार दूरच्या देशातले आहे, आणि आमच्यासारख्यांचे कान सहसा जिकडे वळत नाहीत अशा दिशेचे आहे. स्वीडन देशातील एका बंदराच्या शहरी १९९० साली काही तरुणांनी गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचा एक मेळा काढला. इंग्रजीत अशा मेळ्यास ‘बँड’ म्हणतात. परंतु आपल्याकडे ‘बँड’ म्हटले की वरातीपुढचा तांबड्या डगल्यांचा ताफा डोळ्यांपुढे येतो, म्हणून गणेशोत्सवातला आपला जुना ‘मेळा’ हाच शब्द मी येथे योजितो. त्या मेळ्याचे नाव ‘ॲट द गेट्स’, म्हणजे ‘द्वारापाशी’. हरिपाठ म्हणणाऱ्या घरांना द्वारापाशी उभे राहण्याची थोरवी सांगावयास नको. तथापि या पोरांच्या मनातले द्वार देवाचे खचित नव्हते. मृत्यू, भय आणि माणसाचे एकाकीपण हे त्यांच्या गाण्यांचे विषय.

माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा नोकरीच्या निमित्ताने दोन वर्षे त्या शहरी राहून आला, त्याच्या तोंडून मी ही हकीकत प्रथम ऐकली. पुढे जिज्ञासेने मिळेल ते वाचले, आणि गाणीही ऐकली. “काका, तुम्ही ऐकू नका, तुम्हांला त्रास होईल,” असे तो म्हणाला होता. परंतु ज्याने पस्तीस वर्षे पावसाळ्यात मधल्या सुटीचा वर्ग सांभाळला आहे, त्यास गोंगाटाचे भय ते काय?

या जातीच्या संगीतास ‘डेथ मेटल’ म्हणतात. गिटारीच्या तारा नेहमीपेक्षा खाली उतरवून लावितात. तिचा नाद विजेच्या यंत्रातून मुद्दाम खरबरीत, फाटका करून घेतात. ढोलाचा ठोका पायांनी आणि हातांनी इतका दाट पाडितात की, दोन ठोक्यांत श्वास घ्यावयास जागा उरत नाही. गाणारा तर गातच नाही; कंठाच्या तळातून गुरगुरतो, ओरडतो. हे ऐकून एखादा गृहस्थ कानांवर हात ठेवील, तर त्याला मी अरसिक म्हणणार नाही. परंतु भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले, त्यांत रौद्र, भयानक आणि बीभत्स हे तीन आहेतच. आपल्या घरगुती संगीताने भक्ती, शृंगार व करुण यांना पाटावर बसविले, आणि हे तिघे ओसरीवरच राहिले. ‘वेणीसंहारा’तला भीम ज्यांना मानवतो, त्यांनी रौद्ररस संगीतात आला म्हणून दचकण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट लक्ष देऊन ऐकणाऱ्यास कळते. या मेळ्याच्या गाण्यात स्वर आहे. फक्त तो गळ्यात नाही, गिटारींत आहे. दोन गिटारी जोडीने, एकमेकींना धरून, उदास अशी सुरावट विणीत जातात. इंग्लंडातील जुन्या मेटल मेळ्यांची ही जोडगिटारीची रीत आणि स्वीडनच्या लोकगीतांतली कातर छटा, या दोहोंचा त्या कर्कश वादनाशी संयोग करणे हीच त्या शहराची करामत होय. गळा रौद्र आणि तारा करुण, असे ते मिश्रण आहे.

आता त्या शहराविषयी थोडे. इंग्रज त्यास ‘गॉथेनबर्ग’ म्हणतात. तेथील लोक ‘योतेबोर्य’ असा काहीसा उच्चार करितात. गुस्ताव्ह आडोल्फ या राजाने १६२१ साली ते वसविले. पश्चिम किनाऱ्यावरचे हे बंदर पुढे जहाजबांधणीने भरभराटले. ज्या बेअरिंगच्या कंपनीचा कारखाना आपल्या चिंचवडला आहे, ती एसकेएफ कंपनीही १९०७ साली येथलीच. विसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत तेथील मोठमोठ्या जहाजगोद्या एकामागून एक बंद पडल्या. आमच्या कथेतली मुले त्याच काळात वाढली.

स्वीडनची वस्ती सुमारे एक कोटी. एवढ्या लहान देशातून इतके गाणारे-वाजविणारे जगभर कसे गेले, याचा उलगडा तेथील व्यवस्थेत सापडतो. गावोगावी नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत; त्यांतून कारकुनाचे पोर असो वा गोदीतल्या कामगाराचे, वाद्य हातात धरावयास शिकते. शिवाय लोकशिक्षणासाठी स्थापलेली अभ्यासमंडळे आहेत. चार पोरांनी मिळून वाजवावयाचे ठरविले की, तोही एक अभ्यासवर्ग समजून ही मंडळे त्यांना सरावाची खोली मिळवून देतात, आणि त्या कामी सरकारी अनुदान येते. पोरे काय वाजवितात, देवाचे की दैत्याचे, हे कोणी विचारीत नाही. वडील मंडळींनी दार बंद करण्याऐवजी खोली उपलब्ध करून द्यावी, ही कल्पना शिक्षक या नात्याने मला फार विचार करण्याजोगी वाटली.

मेळ्याचा जन्मही एका मोडतोडीतूनच झाला. टोमास लिंडबर्ग हा गायक व आल्फ स्वेन्सन हा गिटारवादक १९८८ पासून ‘ग्रोटेस्क’ नावाच्या मेळ्यात होते. तो १९९० साली मोडला, आणि त्याच्या अवशेषांतून ‘ॲट द गेट्स’ उभा राहिला. त्यात आंदेर्स आणि योनास ब्योर्लर हे जुळे भाऊ आले. एकाच्या हाती गिटार, दुसऱ्याच्या हाती खर्जाची गिटार. आद्रियान एर्लांडसन ढोलावर बसला. जुळ्या भावांचे वय तेव्हा सतरा, लिंडबर्गचे त्याच सुमारास. आमच्या शाळेत असते तर अकरावी-बारावीत बसले असते.

१९९१ साली त्यांची पहिली छोटी तबकडी निघाली, आणि १९९२ साली पहिली मोठी. या मोठीत त्यांनी व्हायोलिनही आणले. या आरंभीच्या रचना फार गुंतागुंतीच्या आहेत. एक सुरावट कानात बसते न बसते तोच दुसरी. वळणामागून वळण, जिन्यामागून जिना. हुशार विद्यार्थी पहिल्या निबंधात आपल्याला ठाऊक असलेले सर्व शब्द घालतो, तसे ते झाले आहे. १९९३ साली दुसरी तबकडी निघाली. त्याच साली स्वेन्सन मेळा सोडून गेला आणि त्याच्या जागी मार्टिन लार्सन आला. १९९४ साली तिसरी निघाली, तोपर्यंत त्यांची रचना बरीच सुटसुटीत झाली होती.

मग १९९५ साल उजाडले. फ्रेड्रिक नूर्डस्ट्रॉम या ध्वनिमुद्रकाच्या ‘स्टुडिओ फ्रेडमन’मध्ये त्यांनी ‘स्लॉटर ऑफ द सोल’, म्हणजे ‘आत्म्याची कत्तल’, हा संग्रह ध्वनिमुद्रित केला, आणि इंग्लंडातील ‘इअरेक’ कंपनीने तो प्रसिद्ध केला. अकरा तुकडे, अवघी चौतीस मिनिटे! आरंभीचा सारा पसारा त्यांनी छाटून टाकिला होता. जे उरले त्यात एक स्वर अधिक नाही, एक ठोका उणा नाही. अर्धी मात्रा वाचली तर पुत्रजन्माचा आनंद मानणाऱ्या आपल्या वैयाकरणांनी या पोरांना शाबासकी दिली असती, असे मी पुतण्यास म्हटले तेव्हा तो हसला; पण मी ते थट्टेने म्हटले नव्हते. तेवीस वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांना छाटणी कळावी, ही सामान्य गोष्ट नव्हे. ‘डार्क ट्रँक्विलिटी’ आणि ‘इन फ्लेम्स’ हे त्याच शहरातले दोन मेळे; त्यांचेही महत्त्वाचे संग्रह त्याच ध्वनिमुद्रणगृहात १९९५ व १९९६ साली तयार झाले. त्या शहराच्या नावाने एक संगीतपद्धती ओळखली जाऊ लागली ती तेव्हापासून.

आणि नेमक्या याच वेळी मेळा मोडला. १९९६ साली, युरोप-अमेरिकेतील प्रवासाची धावपळ चालू असताना, आंदेर्स ब्योर्लर याने मेळा सोडला. उरलेल्यांनी त्याच्याविना तो चालविला नाही. कोर्टकज्जा नाही, नावावरून भांडण नाही, एकमेकांविरुद्ध पत्रके नाहीत. वर्षानुवर्षे गाडीत दाटीवाटीने बसून रोज नव्या गावी वाजवावयाचे, हाती पैसा बेताचा, आणि वय असे की थकवा आला तरी त्यास थकवा म्हणण्याची अक्कल नाही. “काका, ते भांडले नव्हते, दमले होते,” असे पुतण्या म्हणाला. घरे फुटतात ती नेहमी वैराने फुटतात असे आपण धरून चालतो. पण थकव्याने फुटलेली घरे मोजली तर संख्या कमी भरणार नाही.

मेळा मोडल्यावर प्रत्येकाने आपापली वाट धरली. जुळे भाऊ आणि एर्लांडसन ‘द हॉन्टेड’ या नव्या मेळ्यात गेले. पुढे एर्लांडसन काही वर्षे इंग्लंडातील ‘क्रेडल ऑफ फिल्थ’ या मेळ्यात वाजवीत होता. लिंडबर्ग अनेक मेळ्यांत गायिला. आपल्याकडे १९१३ साली बालगंधर्व, बोडस व टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा जुनी मंडळी आणि नवी मंडळी यांच्यात रसिकांची विभागणी झाली होती. येथे मात्र जुनी मंडळी उरलीच नव्हती; उरली होती ती चौतीस मिनिटांची एक तबकडी.

आणि तिचे भाग्य असे की, करणारे पांगल्यावर ती वाढू लागली. अमेरिकेत नव्या पिढीच्या पोरांनी ती घोटून घोटून पाठ केली. ‘द ब्लॅक डालिया मर्डर’, ‘डार्केस्ट अवर’ अशा किती तरी मेळ्यांच्या वादनात तिचे संस्कार स्पष्ट ऐकू येतात. ‘डार्केस्ट अवर’चे तरुण तर वॉशिंग्टनहून उठून योतेबोर्यला गेले, आणि २००३ साली निघालेला आपला संग्रह त्यांनी त्याच नूर्डस्ट्रॉमकडून ध्वनिमुद्रित करून घेतला, त्यात लिंडबर्गचा आवाजही घेतला. गुरुकुल बंद झाले आणि शिष्य येऊ लागले, असा हा प्रकार झाला. मोडलेल्या गोष्टीविषयी जगाला अधिक प्रेम वाटते, हे तर खरेच. जो वाडा पडला त्याच्या तुळया प्रत्येकाच्या आठवणीत सागवानीच असतात. परंतु तबकडीत मुळात दम नसता, तर आठवणीने तिला किती वर्षे जगविले असते?

अकरा वर्षे गेली. २००७ साली या पाच जणांनी जाहीर केले की, पुढील वर्षी काही उत्सवांतून आपण पुन्हा एकत्र वाजविणार. त्याप्रमाणे २००८ साली ते युरोपभर हिंडले. जर्मनीतील वाकेन या खेड्यात दरवर्षी उन्हाळ्यात या संगीताची मोठी यात्रा भरते. मौज अशी की ती यात्रा आणि हा मेळा दोन्ही १९९० सालचीच. तेथल्या त्यांच्या वादनाचे मुद्रण पुढे प्रसिद्धही झाले. परंतु त्या वेळी त्यांनी स्पष्ट सांगितले होते की, ही भेट जुन्या गाण्यांपुरती आहे, नवे काही करावयाचे नाही.

येथे एक शंका घ्यावयास जागा आहे. मोडलेले मेळे पुन्हा जुळतात ते पुष्कळदा पैशासाठी. तरुणपणी ज्यांनी उपाशीपोटी वाजविले, त्यांना चाळिशीत कोणी थैली देऊ केली तर त्यांनी ती का नाकारावी? त्यात पाप नाही. पण नुसती जुनी गाणी जुन्या क्रमाने वाजवून घरी जाणे हे एक प्रकारचे श्राद्धच होय. श्राद्ध करणे हे कर्तव्य आहे. त्याने पितर तृप्त होतात, पण वंश वाढत नाही.

या मेळ्याला ही गोष्ट कळली असावी. २०१० साली आंदेर्स ब्योर्लर याने मेळ्याच्या इतिहासाचा एक चित्रपट तयार केला. ज्याच्या जाण्याने मेळा मोडला, त्यानेच त्याची बखर लिहावी, हे मला विशेष वाटते. फुटलेल्या घरात प्रत्येकाच्या तोंडी वेगळी बखर असते, आणि ती दुसऱ्याच्या माघारी वाचली जाते. येथे एकच बखर झाली आणि ती सर्वांसमक्ष झाली. त्यानंतर २०११ पासून ते पुन्हा वाजवू लागले, आणि २०१४ साली नवा संग्रह काढिला. ‘ॲट वॉर विथ रिॲलिटी’, म्हणजे ‘वास्तवाशी युद्ध’, हे त्याचे नाव. मागच्या संग्रहानंतर एकोणीस वर्षांनी तेच पाच जण, तेच ध्वनिमुद्रणगृह. पण विषय नवा. दक्षिण अमेरिकेतील बोर्हेस आदिकरून लेखकांनी स्वप्न आणि वास्तव यांची सीमारेषा पुसून ज्या कथा रचिल्या, त्यांच्या वाचनातून लिंडबर्गने ही गाणी लिहिली. विशीत ज्याने केवळ ओरडून सांगितले, तो चाळिशीत वाचून, पचवून ओरडू लागला, असे म्हणता येईल.

कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंत-शकुंतलेची दोनदा भेट होते. पहिली कण्वाश्रमात, तीत तारुण्य आहे, घाई आहे. दुसरी मारीचाच्या आश्रमात, सातव्या अंकात. तीत दोघेही पोळून निघालेले आहेत आणि मध्ये उभा आहे तो भरत, म्हणजे नवा जीव. मी वर्गात मुलांना नेहमी सांगत असे की, कवीला दुसरी भेट पहिलीची नक्कल करावयाची नव्हती. पुनर्मीलन म्हणजे मागे जाणे नव्हे. मध्ये गेलेली वर्षे जमेस धरून, त्यांच्यासकट एकत्र येणे, आणि त्यातून काही नवे जन्मास घालणे, हे त्याचे लक्षण आहे. २००८ ची भेट आणि २०१४ ची भेट यांत हाच फरक मला दिसतो.

हा फरक मला इतका जवळचा का वाटला, ते सांगावयास हरकत नाही. आमच्या घरची वाटणी २००४ साली झाली. तिघे भाऊ, थोरले वाडा सांभाळून राहिले, मी शाळेजवळ बिऱ्हाड केले, धाकटे पुण्यास गेले. वकील लागला नाही, आवाज चढला नाही. जागा अपुरी होती आणि सगळेच थकले होते. पुढे कित्येक वर्षे गणपतीस आम्ही एकत्र येत असू, आरती करीत असू, मोदक खात असू, जुन्या गोष्टी काढून हसत असू, आणि विसर्जन झाले की आपापल्या गाड्या पकडीत असू. २०१९ साली धाकटे म्हणाले, “दादा, नुसते मोदक खाऊन किती वर्षे परतायचे? काही तरी काम काढा.” आमच्या वडिलांच्या कीर्तनाच्या हस्तलिखित वह्या थोरल्यांच्या पेटीत पडून होत्या. तेव्हापासून त्या उतरून काढण्याचे काम आम्ही तिघे करितो. थोरले वाचतात, संस्कृत उतारे मी शुद्ध करितो, धाकटे संगणकावर उतरवून घेतात. सात वह्यांपैकी दोन पुऱ्या झाल्या. थोरल्यांना मोतीबिंदू आहे, आणि वडिलांचे मोडी अक्षर त्यांच्याखेरीज आम्हां दोघांना नीट लागत नाही. आता आम्ही गणपतीची वाट पाहत नाही. वही संपली की जमतो. वाद पूर्वीपेक्षा अधिक होतात, परंतु ते पाठभेदावरून होतात.

स्वीडनच्या मेळ्याकडे पुन्हा वळू. त्यांच्या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग याच्यापुढे आहे. २०१७ साली आंदेर्स ब्योर्लर दुसऱ्यांदा मेळा सोडून गेला. १९९६ साली त्याच्या जाण्याने मेळा मोडला होता. या वेळी मोडला नाही. त्याच्या जागी योनास स्टोलहामर हा वादक आला, आणि आंदेर्सचा जुळा भाऊ योनास ब्योर्लर व लिंडबर्ग यांनी रचनेचा भार उचलून २०१८ साली पुढचा संग्रह काढिला. त्याचा आधार होता पेटर वाइस या लेखकाची ‘प्रतिकाराचे सौंदर्यशास्त्र’ अशा अर्थाच्या नावाची तीन खंडांची कादंबरी. वाइस हा जर्मनीत जन्मलेला, हिटलरच्या काळात स्वीडनला आश्रयास येऊन तेथेच राहिलेला. त्या कादंबरीच्या आरंभी बर्लिनमध्ये काही तरुण पर्गमम येथील प्राचीन वेदीवरचे शिल्प पाहत उभे असतात. देव आणि दैत्य यांचे युद्ध त्यात कोरलेले आहे. २०२१ सालच्या संग्रहाचा विषय आणखी गंभीर. जगणे हेच मुळात दुःख आहे असे मानणाऱ्या तत्त्वज्ञांचे विचार त्यात घेतले आहेत. त्या पंथाचा युरोपातला सर्वांत नामांकित पुरुष शोपेनहॉवर. त्याने आपल्या उपनिषदांचे लॅटिन भाषांतर जन्मभर उशाशी ठेविले होते, हे वाचकांस ठाऊक असेलच. या संग्रहात त्यांनी सॅक्सोफोनही आणला.

आणि २०२२ साली आंदेर्स परत आला! मेळा त्याच्याविना पाच वर्षे चालला होता, दोन संग्रह निघाले होते, तरी त्याची जागा होतीच. तरुण घर एकाच्या जाण्याने कोसळते, कारण प्रत्येक जण त्याचा खांब असतो. पोक्त घर एकास जाऊ देते, काम चालू ठेवते, आणि दाराला कडी लावीत नाही. अशा घरात परत येणाऱ्यास खाली मान घालावी लागत नाही, आणि घरात असलेल्यांनाही उपकार केल्याचा आव आणावा लागत नाही. पुन्हा जुळलेल्या गोष्टीची खरी परीक्षा जुळण्याच्या समारंभात होत नाही. दुसऱ्यांदा कोणी उठून जातो तेव्हा होते. त्या परीक्षेत हे लोक उतरले.

आता लिंडबर्गविषयी. या गुरगुरणाऱ्या गायकाचा पोटापाण्याचा धंदा कोणता, हे मला कळले तेव्हा मी चकित झालो. तो शाळामास्तर होता. मुलांना समाजशास्त्र शिकवीत असे. आठवडाभर वर्गात नागरिकांची कर्तव्ये समजावून द्यावयाची, आणि सुटीत रंगमंचावर उभे राहून हजारोंपुढे मृत्यूची गाणी ओरडावयाची! आमच्या धंद्यातल्या माणसाला गळ्याची किंमत कळते. दिवसाचे सहा तास घेतल्यावर संध्याकाळी घरच्यांशी बोलावयास आवाज उरत नाही; या माणसाने एकाच गळ्याचे दोन संसार चालविले.

त्याच गळ्यावर घाला आला. २०२३ सालच्या डिसेंबरात त्याला तोंडात व टाळूत एका दुर्मीळ जातीचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. वर्णांची उच्चारस्थाने शिकविताना आम्ही मुलांना जीभ टाळूस लावून चवर्ग म्हणावयास लावितो. ज्याची सारी कलाच त्या पोकळीत घुमत होती, त्याला टाळूच्या शस्त्रक्रियेचा अर्थ काय वाटला असेल! परंतु शस्त्रक्रियेपूर्वी त्याने एक गोष्ट केली. मेळ्याची नवी गाणी तयार होत होती. त्यांसाठी आपला आवाज त्याने नोंदवून ठेविला. त्यानंतर शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. तरी रोग हटला नाही. १६ सप्टेंबर २०२५ रोजी टोमास लिंडबर्ग मरण पावला. त्याचे वय ५२ वर्षांचे होते. आंदेर्स २०२२ साली न येता २०२५ साली आला असता तर?

या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबलो. फुटलेल्यांनी पुन्हा जुळावे असा उपदेश करणे सोपे आहे, आणि तो मी करणार नाही. काही घरे फुटलेलीच बरी असतात. त्यांतल्या दुबळ्यांना फुटल्यावरच श्वास घेता येतो. मी बोलतो आहे ते थकव्याने पांगलेल्यांविषयी, ज्यांच्यात वैर नाही, फक्त वर्षे साचली आहेत. त्यांना पुष्कळदा वाटते की, सवड झाली म्हणजे पाहू. निवृत्त झालो म्हणजे पाहू. मुलीचे लग्न उरकले म्हणजे पाहू. मेळ्यातल्या पाचांना अकरा वर्षे वाट पाहावयास मिळाली, कारण ते तेव्हा तरुण होते. वाचकांपैकी पुष्कळांना तेवढी वर्षे शिल्लक नाहीत.

आणि एकत्र यावयाचे तर काही काम घेऊन यावे. जुन्या गोष्टी काढून हसणे फार गोड असते, पण त्या गोष्टी चार वर्षांत संपतात. काम असले म्हणजे उद्या पुन्हा यावे लागते. ते काम मोठे असलेच पाहिजे असे नाही. वडिलांच्या वह्या असोत, गावच्या देवळाचा हिशेब असो, की चौतीस मिनिटांची तबकडी असो. त्या पाच जणांनी जुन्या कीर्तीवर जन्म काढिला असता तर कोणी नाव ठेविले नसते. त्यांनी ते केले नाही. म्हणून गायक गेल्यावरही त्याचा आवाज त्याच्या सोबत्यांच्या हाती काम म्हणून उरला, नुसती आठवण म्हणून नव्हे.